हळदीला ऊन दाखवलं तेव्हा

आमच्या घरात सांडलेलं काही फार वेळ दिसायचं नाही. जमीन शेणाने सारवलेली. तिच्यावर पाणी सांडलं की काळसर डाग पडायचा, आणि 'कुणी सांडलं?' असं कुणी विचारेपर्यंत जमीन ते पिऊन मोकळी व्हायची. कालवण सांडलं तर आई त्यावर चुलीतली राख टाकायची, राख तेल ओढून घ्यायची, मग केरसुणीने ती उचलली की झालं. माठ दिवसभर पाझरत बसायचा. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटायचं आणि पापड मऊ पडायचे. आबांच्या सदऱ्यात तर कोंड्याचा वास कायमचा मुरलेला. आबा, म्हणजे आमचे वडील, शेतीतून वेळ मिळेल तसे किन्हवलीच्या भातगिरणीवर कामाला जायचे. धुतलेला सदरा घालून आले तरी ते दाराशी पोचण्याआधी आम्हाला कळायचं. भिंती धुराने काळ्या झालेल्या, त्या उजेडसुद्धा पिऊन टाकायच्या. बाहेर रखरखीत ऊन असलं तरी आत पाऊल टाकलं की डोळ्यांना काही दिसायचं नाही, आणि पाहुणे आमच्या उंबऱ्याला हमखास ठेचकाळायचे. आई हसून म्हणायची, "आपल्या घराचं पोट मोठं हाय. काय पण मावतं त्याच्यात."

त्या अंधारात उजेडाची सोय म्हणजे एक काचेचं कौल. त्यातून उन्हाचा एक चौकोन घरात उतरायचा आणि दिवसभर सरकत राहायचा. सकाळी तो भाताच्या कणगीवर असायचा, मग जमिनीवर उतरायचा, दुपारी चुलीपाशी यायचा आणि संध्याकाळी भिंतीवर चढून नाहीसा व्हायचा. आमचं घड्याळ तेच. चौकोन चुलीला लागला की आई भाकऱ्या थापायला बसायची. तांदळाच्या भाकरीचं पीठ मळताना तिचा हात कधी चुकल्याचं मला आठवत नाही. पीठ किती पाणी पिणार हे तिला तांदूळ नवा की जुना एवढ्यावरून कळायचं. वालाचं बिरडं, सुकट, नाहीतर नुसती लसणीची चटणी, आणि शेजारी तापलेल्या तव्याचा चर्रर्र आवाज. आता माझ्या शहापूरच्या घरात गुळगुळीत फरशी आहे. तिच्यावर काही सांडलं की मी पुसेपर्यंत ते तिथंच पडून राहतं आणि येणारा-जाणारा बघतो.

माझी थोरली बहीण सुमन. मी तिला ताई म्हणायचे. तिच्या मानेवर, केस जिथं संपतात त्याच्या खाली, एक पांढरा डाग होता. पहिल्यांदा चिंचोक्याएवढा. मी आठवीत जाईपर्यंत तो रुईच्या पानाएवढा झाला होता. ते कोड आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं, पण तो शब्द आमच्या घरात कुणी उच्चारत नसे. 'ते' म्हणायचं. 'त्याला तेल लावलं का?' 'ते वाढलंय का बघ.' ताईची वेणी जाड होती आणि आई तिची पोलकी मागून बंद गळ्याची शिवून घ्यायची. आवणीच्या दिवसांत वाकून भात लावताना वेणी पुढं यायची म्हणून ताई मानेवर टॉवेल टाकून वर पदर घट्ट आवळायची. बायका म्हणायच्या, "पाटावरच्या नवरीसारखी काय गो लाजतंस?" ताई हसायची. चिखलात वाकलेल्या बाईचं हसू कुणाला दिसत नाही, तरी ती हसायची.

शहापूरच्या बाजारात झाडपाल्याची औषधं विकणारा एक म्हातारा होता. त्याच्याकडून आईने बावचीचं तेल आणलं. ते डागावर लावायचं आणि कोवळ्या उन्हात बसायचं. तेल आणि ऊन दोन्ही कातडीत मुरलं म्हणजे रंग परत येतो, असं त्याने सांगितलेलं. त्यात खरं किती नि खोटं किती मला ठाऊक नाही. पण उन्हासाठी बाहेर बसायचं, आणि बाहेर बसलेलं कुणाला दिसायचं नाही, हे जमवायचं कसं? आईने गोठ्यामागची जागा शोधली. एका बाजूला गोठ्याची भिंत, दुसऱ्या बाजूला पेंढ्याची उडवी आणि पुढं निवडुंगाचं कुंपण. तिथं ऊन यायचं तेही चोरासारखं. उडवीच्या मागून जेमतेम डोकवायचं आणि गोठ्याच्या छपराआड जायचं. ताई उन्हाकडं पाठ करून, मान उघडी टाकून बसायची. मी गोठ्याच्या कोपऱ्यावर राखणीला. कुणी येताना दिसलं की खोकायचं, हे माझं काम. मी खोकले की ताई पदर ओढून घ्यायची आणि शेजारी मुद्दाम ठेवलेलं सूप पाखडायला लागायची.

सगळ्यांत जास्त खोकायला लागायचं ते हिराकाकूसाठी. ती शेजारच्या घरातली. गावात कुणाची म्हैस गाभण आहे आणि कुणाची सून रुसली आहे हे तिला त्या त्या घराच्या आधी कळायचं. तिला आमचा गोठा ओलांडून ओढ्यावर जावं लागे. मी खोकले की ती थांबायची. "इमे, तुला हा खोकला कसला गो लागलाय? आईस सांग, अडुळशाचा रस दे." मी मान डोलवायची. आई खरंच एकदा अडुळसा घेऊन आली, काकूला दाखवायला म्हणून, आणि मला तो कडू रस प्यावा लागला. आता हसू येतं. तेव्हा मात्र घशाखाली जाणारा तो कडूपणा मला शिक्षेसारखा वाटला, आणि शिक्षा कशाबद्दल ते कळत नव्हतं.

ताईला मागणी आली ती मुरबाडच्या पलीकडच्या गावातून. मुलगा कारखान्यात कामाला. त्याची आई लहानपणीच गेलेली, आत्याने वाढवलेला, त्यामुळे सगळं बोलणं आत्याशी. बघायला आले तेव्हा त्या काळ्या भिंतींनी आमची बाजू घेतली. घरात इतका कमी उजेड की आत्याने ताईला दारापाशी बोलावून तिचा चेहरा पाहिला. मुलाने ताईला एकच विचारलं, "तुमाला सायकल येते का?" ताई म्हणाली, येते. तो म्हणाला, "मला नाय येत." एवढ्यावर ताई त्याच्यावर खूश. नंतर कितीतरी दिवस ती भांडी घासताना मधेच हसायची आणि म्हणायची, "कारखान्यात कसा जात असंल गो तो?"

आबांचं म्हणणं होतं की सांगून टाकावं. ते जेवताना बोलले, ताटाकडे बघत. "त्यांना सांगून टाकू. मोडायचं तर आताच मोडंल."

आईने भाकरी त्यांच्या ताटात जरा जोरातच टाकली. "लग्न होऊ दे. एकदा पोर झालं का सुनेची मान कोण बघतंय?"

ताई आतून म्हणाली, "आई, सांग ना गो त्यांना. तो काय वंगाळ नाय वाटत."

"तू गप. तुला काय कळतंय?"

आबांनी भाकरी मोडली. आमच्याकडं बोलणं तिथंच संपायचं. आईला दुष्ट म्हणायला माझी जीभ वळत नाही. मुलीच्या मानेवरचा डाग बघणाऱ्याच्या तोंडावर काय काय उमटतं, ते तिने आधी कुठंतरी पाहिलं असणार.

लग्न ठरल्यावर आईने बावचीचं तेल वाढवलं आणि उन्हात बसवणंही वाढवलं. त्याचा उलटाच परिणाम झाला. डाग लालभडक झाला, वर फोड आले, आणि फोड बसले तेव्हा तो पूर्वीपेक्षा पांढरा दिसू लागला. मग आईला तिच्या माहेरचं आठवलं. तिचे वडील तानशाकडं मासे धरायचे. ते आपली सुती जाळी ऐनाच्या सालीच्या काढ्यात उकळून काढत. सूत तो तपकिरी रंग पोटभर पिऊन घेतं आणि मग महिनोन्महिने पाण्यात राहूनही सोडत नाही. आईने ऐनाची साल आणून कढवली, त्यात कात घातला आणि काढा दाट झाल्यावर कापसाच्या बोळ्याने ताईच्या मानेवर लावला. वाळला की पुन्हा लावला. रंग असा जमला की मी जवळ जाऊन पाहिलं तरी कुठं कातडी संपते आणि कुठं काढा सुरू होतो ते कळेना. आईने ताईला आंघोळ घालून पाहिली, रंग गेला नाही. घामाने गेला नाही. आई इतकी खूश झाली की तिने त्या दिवशी उगाचच गुळाचा शिरा केला. पाण्याची परीक्षा तिने घेतली होती. हळद तेलात कालवतात हे तिच्या ध्यानात आलं नाही. जाळ्याला कुणी तेल लावत नाही ना.

हळदीच्या दिवशी मांडवावर जांभळीच्या डहाळ्या होत्या आणि त्यांचा ओला हिरवा वास सगळ्या अंगणात भरला होता. पाटावर ताई, मामाने आणलेलं पांढरं पातळ नेसलेली, केस वर बांधलेले. मी करवली म्हणून तिच्या शेजारी. चुलखंडावर वालाची भाजी शिजत होती, बुंदीचे घमेले झाकून ठेवलेले. धवलारीण म्हणजे लग्नाची गाणी म्हणणारी म्हातारी, ती पाटाच्या डाव्या अंगाला बसून एका लयीत गात होती आणि बायका तिच्या मागं ओढत होत्या. दिवेलागणीला नवऱ्याकडची उष्टी हळद घेऊन पाहुण्या बायका आल्या. पुढं आत्या. ठसठशीत कुंकू, मोठा आवाज, हात कामाचे. ती वाईट बाई नव्हती, हे मी आज मुद्दाम लिहून ठेवते. तिने ताईच्या गालाला हळद लावली आणि कानात काहीतरी सांगितलं, त्यावर ताई लाजली. मग हात, मग पाय, मग खांदे. मग आत्याने दोन्ही तळवे हळदीत बुडवून ताईच्या मानेवर ठेवले आणि खाली चोळायला सुरुवात केली.

थोड्या वेळाने तिने तळवा उलटा करून पाहिला. पिवळ्यावर तपकिरी आलं होतं. "हे काय गो? मळ बसलाय का मानेवर?" ती हसली, सगळ्या हसल्या. "नवरी कामाची हाय, मळ असायचाच. घासा गो नीट, पोरगी उजळाया पायजे." आणि तिने खरंच प्रेमाने, आपल्या घरची पोर असल्यासारखं, आणखी तेल घेऊन ताईची मान घासली. दुसऱ्या एका बाईनेही हात लावला. मला दिसत होतं. आई चुलीपाशी होती, तिला दिसत नव्हतं. मी खोकायला हवं होतं की काय करायला हवं होतं, मला आजही कळत नाही. मांडवात इतकी माणसं होती की खोकून काही झालं नसतं. ताईने डोळे मिटून घेतले. तिच्या मानेवरून तेलाबरोबर तपकिरी ओघळ पांढऱ्या पातळावर उतरले, पातळाने ते लगेच पिऊन घेतले, आणि त्या ओघळांच्या मधोमध डाग वर आला. पांढऱ्यावर हळद जास्तच चढते. तो डाग बाकी अंगापेक्षा लख्ख पिवळा दिसत होता, ट्यूबलाइटच्या उजेडात आंब्याच्या कोयीसारखा.

धवलारणीचा आवाज आधी थांबला, मग बाकीच्यांचा. आई धावत आली. तिचे हात पिठाचे होते. "भाजलंय ते," ती म्हणाली, "लहानपणी भाजलंय. चुलीवरचं पाणी सांडलेलं."

आत्या आपल्या तळहाताकडे बघत होती. "भाजलेलं कोण रंगवून ठेवतं का?" ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता. तिने मांडवाच्या खांबाला हात पुसला, आणि मग दुसऱ्या बायकांकडे बघून म्हणाली, "चला."

त्या न जेवता गेल्या. आबा त्यांच्या मागं रस्त्यापर्यंत गेले आणि टेम्पोच्या पुढं उभे राहून हात जोडून काहीतरी बोलत राहिले. मी माझ्या बापाला त्याआधी हात जोडताना फक्त देवळातच पाहिलं होतं. सकाळी मोटारसायकलवरून एक माणूस आला आणि अंगणात न उतरता सांगून गेला की नवरदेव येत नाही. नवरदेवाचं स्वतःचं म्हणणं काय होतं ते आम्हाला कधीच कळलं नाही. शिजवलेलं अन्न गावाने जेवलं, कारण अन्न टाकायचं नसतं. पंगतीत वाढणारा 'वाल घ्या, वाल घ्या' म्हणत फिरत होता, तेवढाच आवाज. मला त्या पंगतीत वाढावं लागलं, आणि माझे हात मनगटापर्यंत पिवळे होते. प्रत्येक पानापुढं वाकताना ते पिवळे हात आधी पुढं जायचे. जमीन पाणी पिते तसं तिने मलाही पिऊन टाकावं असं मला वाटत होतं.

त्यानंतर आईने घर बंद करून घेतलं. दार दिवसाही लोटलेलं. पिवळं झालेलं जे जे होतं ते तिने गोळा केलं. पातळ, पाट, टॉवेल, माझा परकर, सतरंजी. दाराशेजारच्या भिंतीवर बायकांनी हळदीचे पंजे उमटवले होते, त्यांच्यावर तिने शेणाचा हात फिरवला. ते वाळलं तसं पिवळं पुन्हा वर आलं. तिने पुन्हा सारवलं, पुन्हा आलं. पातळ तिने न्हाणीत साबणाने घासलं. हळदीला साबण लागला की ती लाल होते हे घरोघर माहीत असतं, आईलाही माहीत होतं, पण त्या दिवशी न्हाणीच्या दगडावरून वाहणारं लाल पाणी बघून तिने त्याच्यावर तांब्यामागून तांब्या ओतला. धुवून झाल्यावर पातळ पुन्हा पिवळंच. तिने ते ओलंच गुंडाळून कणगीमागं टाकलं. हळद पाण्याने जात नाही, साबणाने जात नाही, उन्हाने जाते. उन्हात वाळत टाकलेल्या कपड्यावरची हळद आपोआप उडते, त्यासाठी शाळा शिकावी लागत नाही. पण उन्हात टाकायचं म्हणजे अंगणातल्या दोरीवर टाकायचं, आणि दोरी रस्त्यावरून दिसते.

मी शाळेत जायचे. किन्हवलीला एसटीने जाताना हात दप्तराखाली ठेवायचे, वर्गात बाकाखाली. हापशीवर बायका मला बघून बोलायच्या थांबायच्या आणि हंडा लवकर भरून द्यायच्या. त्या थांबण्यापेक्षा त्यांनी बोललेलं मला परवडलं असतं. घरी आलं की ताई कणगीला टेकून बसलेली असायची. आई तिच्याशी बोलत नव्हती आणि ती आईशी. दोघी माझ्यामार्फत बोलायच्या. "तिला जेवायला सांग." "मला भूक नाय म्हणून सांग." एवढ्याशा घरात, हातभर अंतरावरून. आबा गिरणीवर जायचे ते लवकर जायचे आणि उशिरा यायचे. सदऱ्याचा वास आला की आई पाणी ठेवायची, ते पाय धुवायचे, आणि मग चौघं चार दिशांना तोंड करून जेवायचो. त्या घराचं पोट मोठं खरं. सगळं मावत होतं त्याच्यात, पण बाहेर काहीच पडत नव्हतं.

एका दुपारी मी घरात आले तेव्हा डोळ्यांना नेहमीसारखं काही दिसेना. मग ताईचा आवाज आला. "इमे, इकडं ये. हे बघ." तिने कणगीमागून पातळ ओढून काढलं होतं आणि मांडीवर पसरलं होतं. त्याचा एक कोपरा कणगीवरून बाहेर लोंबत राहिलेला असणार, कारण काचेच्या कौलातला उन्हाचा चौकोन रोज सकाळी तिथून जायचा, आणि तेवढ्याच भागातली हळद उडाली होती. कडा धूसर होत्या, पण मधला भाग पांढरा होता. बाकी सगळं पातळ तसंच पिवळंजर्द. ताई त्या पांढऱ्यावरून बोट फिरवत होती. मग ती उठली. पातळ खांद्यावर टाकलं आणि दाराची कडी काढली.

"कुठं चाललीस?" आई चुलीजवळून म्हणाली. किती दिवसांनी ती तिच्याशी सरळ बोलत होती. "आत हो. लोक बघतील."

"बघू दे. हळद बघून झाली, मान बघून झाली. आता काय राहिलंय गो बघायचं?"

ती बाहेर गेली. मी तिच्या मागं. तिने पातळ दोरीवर टाकलं, रस्त्याच्या बाजूच्या दोरीवर, नीट ताणून, कडेला कडा जुळवून. मग ओट्यावर पोतं अंथरलं, केस वर गुंडाळून बांधले, आणि रस्त्याकडे पाठ करून उन्हात बसली. मान अख्खी उघडी. डागावरची हळद अजून पुरती गेली नव्हती. आई दारात आली होती, पण उंबऱ्याच्या आतच, अंधारात उभी. मला तिची फक्त पावलं दिसत होती.

मी काय करावं ते न कळून जाऊन गोठ्याच्या कोपऱ्यावर उभी राहिले. सवय. आणि वळणावरून हिराकाकू आली, डोक्यावर धुण्याची बादली घेऊन. मी खोकले. ठरवून नाही, आपोआप. ताई हलली नाही. मला वाटलं ऐकू गेलं नसेल, म्हणून मी पुन्हा, मोठ्याने खोकले. ताईने मान न वळवता म्हटलं, "इमे, आता पुरे. इथं येऊन बस."

हिराकाकू अंगणासमोर थांबली. तिने दोरीवरच्या पातळाकडे पाहिलं. मग ताईच्या मानेकडे पाहिलं, चांगलं निरखून पाहिलं, लपवून नाही. आता गावभर होणार, असं मला वाटलं. झालं होतंच गावभर, तरी वाटलं. "उनात बसलीस गो?" काकू म्हणाली.

"हळद उतरवतंय काकू. उनाशिवाय उतरत नाय."

"नाय उतरत," काकू म्हणाली. तिने बादली डोक्यावर नीट केली आणि आमच्या दाराकडे, त्या अंधाराकडे बघून आवाज चढवला, "अगो पातळ उलटं कर की कुणीतरी! एकाच बाजूला ऊन लागतंय. दुसरी बाजू तशीच पिवळी राहील." आणि ती ओढ्याकडे चालू लागली.

 मग आई उंबरा ओलांडून बाहेर आली. उन्हाने तिचे डोळे मिटले, तिने कपाळावर हात धरला आणि दोरीपर्यंत तशीच चालत गेली. पातळ काढलं, झटकलं, उलटं करून पुन्हा टाकलं. मग ती ओट्यावर आली आणि ताईच्या मागं बसली, रस्ता आणि ताई यांच्या मधे. ताई तिच्याकडे न बघता म्हणाली, "आई, बाजूला सरक. सावली पडते तुझी." आई सरकली. तिने तोंडाला पदर लावला आणि ती रडली, भर उन्हात, रस्त्यासमोर. ताईने तिला गप्प केलं नाही.

पुढं ताईचं लग्न झालं का, असं लोक विचारतात. झालं. उशिरा, मुरबाडलाच, आणि सांगून झालं. बघायला आले तेव्हा ती चहा ठेवून त्यांच्याकडे पाठ करून बसली आणि म्हणाली, हे आधी बघून घ्या, मग चहा घ्या. आज ते कोड तिच्या मानेवरून हातांवर, ओठांवर, पापण्यांवर पसरलं आहे. ती तेल लावत नाही, काही लावत नाही. उन्हात तिची कातडी लगेच भाजते म्हणून आता छत्री घेते एवढंच. आई जाईपर्यंत तिच्याकडेच होती. टेम्पोपुढं हात जोडून उभ्या राहिलेल्या आबांबद्दल ताई कधी बोलत नाही, आणि मी विचारत नाही.

ती माझ्याकडे शहापूरला येते तेव्हा मी तिला न्यायला एसटी स्टँडवर जाते. गाडी लागते, ती उतरते, अंबाडा वर बांधलेला, मागून मोठ्या गळ्याचं पोलकं, पांढरे हात हलवत गर्दीतून माझ्याकडे येते. माणसं वळून बघतात. कुणी पोराला जवळ ओढून घेतं. मला सगळं कळतं, मी लिहिलेलं हे सगळं मला पाठ आहे, ती माझ्यापेक्षा किती सरळ माणूस आहे हेही मला ठाऊक आहे. तरी स्टँडवर ओळखीचं कुणी दिसलं की माझ्या घशात खवखवतं. ताई जवळ येऊन माझ्याकडे बघते आणि हसून विचारते, "काय गो इमे, अडुळसा देऊ का?" मी तो खोकला गिळते आणि तिच्या हातातली पिशवी घेते.